ताई भवानी करून गेल्या

१

बातमी आली तो दिवस अगदी साधा होता. उत्तरेश्वर मास्तर स्वयंपाकघरात विळीवर वांगी चिरत बसले होते. कॉलेजात पोरांना भूगोल शिकवणाऱ्या माणसाला एका वांग्याचे चार सारखे भाग करता येऊ नयेत, याचा त्यांना रोज नव्याने राग येई. वर्षभर ते बहुतेक वांगीच खात होते. दारावर येणाऱ्या गाडीवाल्याकडे दुसरं काही धड नसे, आणि अंबाजोगाईच्या बाजारात पाऊल टाकणं मास्तरांनी सोडून दिलं होतं. वांग्यांनी छातीत डावीकडे जळजळायचं. मग मास्तर वरून थंड दूध पीत आणि झोपून जात.

फोन वाजला. पुण्याहून राजनंदिनी.

"बाबा, बुकिंग आलंय."

"कसलं?"

"बाजारफेरीचं. येत्या रविवारी. सगळ्या डॉक्टर आहेत. तरुणपणी अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात होत्या, आता पुन्हा एकत्र जमतायत. आईचं पेज बघून त्यांनी बुकिंग केलं."

"आईचं पेज अजून आहे?"

"काढवलं नाही," राजनंदिनी म्हणाली.

"नाही म्हणून कळव त्यांना. मला कुठं येतं ते."

"मी हो म्हणून कळवलंय. बाबा, एकदा बाजारात जा. एकदा जाऊन या, मग मी पेज काढते. नाहीतर तुम्ही वांगी खाऊन मराल."

पोरगी आईवर गेली होती. तिच्याशी घासाघीस करण्यात अर्थ नव्हता.

२

बाजारफेरी मनिषानं सुरू केली होती. योगेश्वरीच्या दर्शनाला आलेले पाहुणे म्हणत, वहिनी, जरा बाजार दाखवा. वहिनी दाखवत. पाहुण्यांच्या पाहुण्यांनी ऐकलं, मग राजनंदिनीनं फोनवर पेज केलं, आणि बघता बघता लातूर-पुण्याच्या बायका गाड्या करून मनिषामागे मंडी बाजारात हिंडू लागल्या. मनिषा आपली निळ्या चौकड्यांची नायलॉनची पिशवी निशाणासारखी उंच धरून पुढे चालायची. मास्तरांना काम एकच, सगळ्यांत मागे राहून कुणाला चुकू द्यायचं नाही. आणि तोंड उघडायचं नाही. हे दुसरं त्यांना कधीच जमलं नाही.

मनिषाची रीत ठरलेली होती. फेरीच्या दिवशी ती भल्या सकाळी एकटीच बाजारात जाऊन यायची. दुकानदार शटर उघडून देवाला उदबत्ती ओवाळत असताना ही हजर. प्रत्येक दुकानात काहीतरी बारीकसं घ्यायचं, सुईचं पाकीट नाहीतर कुंकवाची पुडी, आणि पहिल्या विक्रीची भवानी करून द्यायची. ज्याची भवानी चांगल्या हातानं झाली, तो दिवसभर भावाला नरम राहतो, असा तिचा अनुभव होता. दुकानदार तिची नोट डोळे मिटून दोन्ही डोळ्यांना लावायचे आणि मग गल्ल्यात टाकायचे.

दुसरी रीत पाय काढण्याची. भाव पटला नाही की मनिषा "राहू द्या" म्हणून चालू लागायची. लगबगीनं नाही. सावकाश, पदर सारखा करत, कोपऱ्यापाशी थोडी रेंगाळत. पाठीमागून "अहो ताई, या, या" अशी हाक आली की वळायचं आणि आपल्या भावानं घ्यायचं. एकदा पितळी घंगाळाच्या वेळी ती अशीच निघाली असता मास्तर मागून ओरडले, "अगं, घे की! बरंय!" ते घंगाळ दुकानदाराच्या भावानं घ्यावं लागलं. घरी आल्यावर मनिषा म्हणाली होती, "हाक दुकानदारानं मारायची असती. तुमी मारली की मला माघारी यावंच लागतं, अन् तो म्हणंल त्या भावानं घ्यावं लागतं. येवढं कसं कळत न्हाई तुमाला?"

तिसरी रीत म्हणजे सगळं वेळेआधी घेऊन ठेवणं. पणत्या श्रावणात, रजया चैत्रात, छत्र्या संक्रांतीला. राजनंदिनी सातवीत असताना तिच्या लग्नाची भांडी माळ्यावर चढली होती. "ऐनवेळी लुटत्यात," मनिषा म्हणायची.

स्वतःचं तेवढं तिनं काही घेऊन ठेवलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात ती दोन दिवसांच्या तापानं गेली. तिचं शेवटचं सामान आणायला शेजारी निघाले होते, पण घरात बसवेना म्हणून मास्तर स्वतःच बाजारात गेले. ज्यानं जो भाव सांगितला तो दिला. देताना मनात आलं, ही असती तर इतक्याला घेऊ दिलं नसतं.

त्यानंतर ते बाजारात गेले नव्हते.

३

रविवारी सकाळी मास्तरांनी पिशवी शोधली. निशाण म्हणून ती लागणार होती. स्वयंपाकघराच्या दारामागं खिळ्याला ती वर्षभर टांगलेली होती. दार लावलं की तिची नायलॉनची सळसळ ऐकू यायची, आणि मास्तर दार जरा जपूनच लावत. आज खिळा मोकळा होता. भिंतीवर पिशवीच्या आकाराचा फिकट चौकोन तेवढा राहिला होता.

राजनंदिनीनं नेली असेल, असं त्यांनी ठरवलं. ती दिवाळीला येऊन गेली होती. दिवाळीनंतरही पिशवी दिसली होती का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. काळी छत्री उचलली आणि निघाले.

डॉक्टरणी देवळासमोर उभ्या होत्या. सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल आणि पायांत पळायचे बूट. त्यांच्या पुढारी डॉ. सुरेखा. उंच, ठसठशीत, रुग्णाला दम देऊन देऊन आवाज कमावलेला.

"तुम्हीच गाइड? मॅडम नाहीत का?"

"मॅडम..." मास्तर म्हणाले, "यंदा नाहीत."

हे उत्तर फारच विचित्र झालं हे त्यांना लगेच कळलं, पण डॉ. सुरेखांनी मान डोलावली आणि त्या म्हणाल्या, "सर, घाम बराच येतोय तुम्हाला."

"ऊन आहे."

"अजून ऊन पडलेलं नाहीये."

मास्तरांनी छत्री उंच धरली आणि तोंड उघडलं. अंबाजोगाई बालाघाटाच्या डोंगररांगेवर कशी वसली आहे, इथला खडक कोणता, जयवंती नदी कुठून येते. खडकापर्यंत सगळ्या ऐकत होत्या. नदीपर्यंत येईतो निम्म्या एका गाड्यावरच्या कैऱ्या दाबून पाहत होत्या.

४

पहिलं दुकान कापडाचं. शिवशंकरअप्पा गादीवर बसले होते, गळ्यात लिंग, हातात कापड मोजायचा गज.

"या या मास्तर! किती दिवसानं!"

"अप्पा, पाहुण्या आहेत. भाव जरा..." पुढचं वाक्य मनिषा कसं संपवायची ते त्यांना आठवेना. "जरा बरा लावा."

"सांगायला पायजे का? ताई सकाळीच भवानी करून गेल्या की!"

मागे डॉक्टरणींचा साड्यांवर छापा पडला होता. हे आण, ते काढ, हा रंग उन्हात दाखव. मास्तरांना वाटलं, त्या गलक्यात आपण चुकीचं ऐकलं.

"कोणत्या ताई?"

"आपल्या..." अप्पांचा गज हवेत थांबला. "मनिषाता..."

अप्पा मनिषाच्या मातीला आले होते. दुकान बंद ठेवून आले होते.

"जिभेला सवय बघा," अप्पा शेवटी म्हणाले. "कुनीतरी बाई आलती. मी नोट डोळ्याला लावत हुतो. डोळे मिटल्याले. आवाज वळखीचा वाटला."

"काय घेतलं?"

"मांजरपाट. पांढरा. चांगला लांब फाडून घेतला." अप्पांच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा जुना राग दिसला. "पर भाव काय पाडला, मास्तर! मुद्दल सुटलं न्हाई माजं. तवाच मला कळाया पायजे हुतं."

५

मास्तर तर्काचे माणूस होते. मनिषासारखा आवाज असलेली बाई जगात एकच, तिची धाकटी बहीण मंगल. त्यांनी बाहेर येऊन तिला फोन लावला.

"मंगल, तू अंबाजोगाईत आलीस का?"

"मी कशाला येऊ दाजी? माजलगावात हाय मी. पापड घातल्यात वाळत, कावळे राखत बसलेय. का बरं?"

"काही नाही. इथं कुणीतरी तुझ्यासारखं बोलत होतं."

"माज्यासारखं कोन बोलतंय? आक्का बोलायची." मंगलचा आवाज जरा ओला झाला, पण ती सावरायला वेळ न घालवणारी बाई होती. "वर्साचं श्राद्ध कधी धरलंय? अन् दाजी, या खेपेला तरी नीट बगून आना सामान. तवाची ती हिरवी साडी! पदराला किमतीची चिठ्ठी तशीच ठेवून नेसवली तिला. मी म्हनलं आता काडावी कशी, चारचौघांत. आक्कानं ती किंमत बगितली असती तर उठूनच बसली असती!"

मास्तरांनी फोन खिशात ठेवला. चिठ्ठीचं त्यांना आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचं दुकान हमीदभाईंचं, अत्तर-उदबत्तीचं. मास्तर आत गेले नाहीत. पायरीवरच उभे राहिले, म्हणजे काही ऐकू येऊ नये. पण हमीदभाईंचा गळा मोठा.

"अरे मास्टरसाब, बाहर कायकू खडे? आओ! भाबी सुबेच आके गये ना, बोनी करके!" आणि मग त्यांनीच कपाळावर हात मारून घेतला. "तौबा. मैं क्या बोल रहा."

"क्या लेके गये?" मास्तरांनी विचारलं. आपला आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला त्यांना.

"कापूर. गुलाल. और वो..." हमीदभाई काउंटरवरची शिशी उगाचच पुसू लागले. "चंदन का चूरा. मैंने सोचा कोई पूजा होगी."

डॉ. सुरेखांनी केवड्याचं अत्तर मनगटाला लावून हुंगलं आणि ते मनगट खाली घेता घेता दुसऱ्या हातानं मास्तरांचं मनगट पकडलं. इतक्या सहजपणे, की बाजारात कुणाला ते वावगं वाटलं नाही.

"सर, नाडी उड्या मारतेय. छातीत काही?"

"वांगी आहेत," मास्तर म्हणाले.

"सगळे असंच काहीतरी म्हणतात. उद्या कार्डिओग्राम काढायचा. मी विचारणार आहे फोन करून."

६

कासारगल्लीत मुक्ताबाई डॉक्टरणींच्या हातांत बांगड्या भरत होती. मुक्ताबाई माणसाचं तोंड कधी बघत नाही. हात दाबून माप घेते आणि हाताशीच बोलते. मास्तर हात पाठीशी बांधून कोपऱ्यात उभे होते.

"मास्तर का?" मान वर न करता मुक्ताबाई म्हणाली. "ताईनी आज काय बी घेतलं न्हाई बरं का. म्हनलं भरा दोन, भवानी व्हतीय. तर म्हनल्या, नगं, हायत हातात. हिरव्यागार, जशाच्या तशा. एक बी वाढलेली न्हाई. हात तेवढा लई गार हुता."

तिच्यापुढं हात करून बसलेल्या डॉक्टरणीला यातलं काही कळलं नाही. ती म्हणाली, "माझा पण गारच असतो, हिमोग्लोबिन कमी आहे."

त्या बांगड्या मुक्ताबाईच्याच होत्या. मास्तरांनीच त्या गेल्या उन्हाळ्यात इथून नेल्या होत्या, आणि त्या जशाच्या तशा राहण्याचं काही कारण नव्हतं. त्यांच्यासमोर चितेवर त्या तडकल्या होत्या. तो आवाज त्यांना अजून ऐकू यायचा.

सूप-टोपल्यांच्या गल्लीतून फेरी पुढे निघाली. मास्तरांनी तिथल्या बद्रीनाथला लांबूनच हात हलवला, म्हणजे बोलणं टळेल. पण बद्रीनाथ टोपली विणता विणता ओरडला, "मास्तर, ते बांबू पोचवले बरं का घरी!"

"कसले बांबू?"

"दोन हिरवे. सकाळी निवडून ठेवून गेल्या की. म्हनल्या मास्तरांच्या उंचीपरीस जरा लांब द्या. शिडी करताय जनू? अन् सुतळी बी दिलीय. आडव्या कामट्या फुकट घेतल्या ताईनी, मी नगं म्हनायच्या आत."

मास्तर तिथल्या तिथं उभे राहिले. छत्री खाली आली. मांजरपाट, कापूर, गुलाल, चंदन, दोन बांबू, सुतळी. ही खरेदी त्यांना पाठ होती. याच दुकानांतून, जवळजवळ याच क्रमानं, एकदा त्यांनी ती केली होती. फक्त तेव्हा बांबू कमी लांबीचे लागले होते.

म्हणजे ती त्यांचं सामान घेऊन ठेवत होती.

त्यांनी छातीवर डावीकडे हात ठेवला. जळजळत होतं. पण सकाळी त्यांनी वांगी खाल्ली नव्हती.

७

डॉक्टरणी खानावळीत जेवायला बसल्या. भाकरी आणि येसराची आमटी आल्याबरोबर त्या सगळ्या एकदम विद्यार्थिनी झाल्या, आणि मास्तर औषध घ्यायचं निमित्त करून घरी आले.

चैत्रातली दुपार. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. पाण्याच्या टाकीला दोन बांबू टेकवून ठेवले होते, हिरवेगार, वर कामट्यांची मोळी सुतळीनं बांधलेली. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही असं केलं. कुलूप त्यांनीच सकाळी लावलेलं होतं, ते तसंच होतं. आत आल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि उगाचच मोठ्यानं खाकरले.

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. ते ढकलून लावलं, तसं दारामागून सळसळ ऐकू आली.

पिशवी खिळ्यावर होती. भरलेली. बंद ताणले गेले होते. खोलीत कापराचा वास होता आणि कोऱ्या कापडाच्या खळीचा. वरून पांढऱ्या कापडाचं एक टोक बाहेर आलं होतं, नीट घडी घातलेलं. मनिषाची घडी. मास्तरांना स्वतःला तशी घडी कधी जमली नव्हती.

ते पाटावर बसले. नळाचं थेंब थेंब पाणी बादलीत पडत होतं. कितीतरी वेळ त्यांनी पिशवीकडे पाहिलं, आणि त्यांच्यातला तर्कशुद्ध माणूस हळूहळू बोलू लागला. त्याचं म्हणणं असं की, घाबरायचं काय त्यात? श्रावणात पणत्या घेतल्या म्हणून दिवाळी काही भाद्रपदात आली नव्हती. राजनंदिनीची लग्नाची भांडी सातवीपासून माळ्यावर आहेत, लग्नाचा अजून पत्ता नाही. स्वस्तात मिळतंय तेव्हा ती घेऊन ठेवते, एवढंच. त्यात काळजी आहे, घाई नाही.

हे पटण्यासारखं होतं. मास्तरांना ते बरंचसं पटलंही. मग त्यांच्या लक्षात आलं, मडकं नाही.

पिशवीत मडकं नव्हतं. असतं तर गोल फुगली असती. मडक्यावाचून माणूस पुढे निघत नाही. आणि मडकी विकणारी रतनबाई सकाळी दुकान मांडत नाही. ती खेड्यावरून दुपारच्या गाडीनं येते आणि देवळामागच्या चौकात पोतं अंथरते. तिची भवानी व्हायची होती. बाजारफेरीचा शेवटचा मुक्कामही तोच.

मास्तरांनी पुन्हा दाराकडे नजर टाकली. दार हललं नव्हतं. पण खिळा मोकळा होता, आणि पिशवीतलं सगळं सामान खाली फरशीवर ओळीनं मांडून ठेवलेलं होतं. मडक्याला जागा व्हावी म्हणून.

मास्तर चपला न घालताच पळाले.

८

पन्नाशी ओलांडलेला भूगोलाचा मास्तर भर दुपारी अनवाणी धावतो आहे, हे बघायला अंबाजोगाईत कुणी जागं नव्हतं. शटरं अर्धी खाली आली होती आणि त्यांच्याआड दुकानदार पंख्याखाली आडवे झाले होते. मास्तर पळत होते आणि मनातल्या मनात ठरवत होते, आपणच भवानी करायची. पणती घ्यायची, मातीचा परळ घ्यायचा, काहीही घ्यायचं. एकदा भवानी दुसऱ्याच्या हातानं झाली की मनिषा त्या दुकानात उभी राहायची नाही. हा तिचाच नियम होता.

देवळामागच्या बोळात शिरताच त्यांना आवाज ऐकू आला. ठण्. मग थोडी शांतता. ठण्. मग, थप्प.

मडकं बोटाच्या पेरानं वाजवून बघण्याचा आवाज. थप्प वाजलेलं खाली ठेवल्याचं खरखरणं, मग पुढचं. ठण्. हे मडकं तर पाण्यालाही लागणार नव्हतं, त्याला शेवटी भोकंच पाडायची. तरी ती वाजवून घेत होती.

रतनबाईचा आवाज आला. "न्हाई बाई. त्येवढ्याला न्हाई परवडत."

पलीकडून काहीच ऐकू आलं नाही.

"कुनाला बी इचारा. रतनबाईचा एकच भाव आसतो."

पुन्हा काही नाही. बांगड्यांची किणकिण तेवढी, पुष्कळ बांगड्यांची.

"मग ऱ्हाऊ द्या!" रतनबाई म्हणाली.

मास्तर कोपऱ्यावर आले.

चौकात रतनबाई एकटी पोत्यावर बसली होती, भोवती माठ, मडकी, पणत्या. तिचं तोंड गच्च मिटलेलं होतं, भाव न सोडणाऱ्या माणसाचं असतं तसं. आणि चौकाच्या पलीकडे, कडुलिंबाच्या दिशेनं, एक बाई पाठमोरी चालली होती. अंगावर हिरवी साडी. हातात निळ्या चौकड्यांची रिकामी पिशवी. पदराच्या टोकाला दोऱ्यानं लटकलेली पांढरी चिठ्ठी वाऱ्यावर फडफडत होती.

ती सावकाश चालत होती. पदर सारखा करत होती. ते चालणं मास्तरांनी लग्नानंतरच्या प्रत्येक बाजारात पाठीमागून पाहिलं होतं. हाक येणार याची खात्री असलेल्या बाईचं चालणं.

"कोण होत्या त्या?" त्यांनी रतनबाईला विचारलं.

"आसल कुनी. रोज येत्यात आसल्या. मी मडकं निवडू दिलं, ते बी मोप, पर भाव म्हनंल तर..." रतनबाईनं एक मडकं बाजूला काढून ठेवलेलं होतं. ते तिनं परत ढिगात सरकवलं. "बोलवत नसते मी. जायाचं त्यानं जावं."

बाई कडुलिंबाखाली पोचली आणि रेंगाळली. सावलीत तिचा हिरवा रंग काळपट दिसू लागला. एक खांदा किंचित वळला. चेहरा अजून दिसत नव्हता. कानाची पाळी आणि त्यातली कुडी दिसली. त्या कुड्या मास्तरांनी ती गेली त्या दिवशी तिला स्वतः घातल्या होत्या. डावी जरा तिरकी बसली होती. ती तशीच तिरकी होती.

मागून बोळात बुटांचे आणि हसण्याचे आवाज आले. डॉक्टरणी जेवून आल्या होत्या.

"सर! चप्पल कुठाय तुमची?" डॉ. सुरेखा म्हणाल्या. मग त्यांनी मास्तरांच्या नजरेच्या दिशेनं पाहिलं. "ओळखीच्या आहेत का कुणी? बोलवा की त्यांना."

मास्तरांचं तोंड उघडलं. वर्षभर त्यांच्या तोंडून तिला हाक निघाली नव्हती. एक "अगं" म्हटलं असतं तर ती वळली असती. तिला माघारी यावंच लागलं असतं. तिचा चेहरा दिसला असता. मग तिनं रतनबाईच्या भावानं मडकं घेतलं असतं, कुरकुरत, आणि घरी जाताना म्हणाली असती, येवढं कसं कळत न्हाई तुमाला.

छातीत डावीकडे काहीतरी एकदा जोरात आवळलं आणि सुटलं. डॉ. सुरेखांनी त्यांचा दंड धरला.

कडुलिंबाखाली बाई अजून थांबलेली होती. तिनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. पुन्हा एकदा पदर सारखा केला, खरं तर तो सारखाच होता. तिनं नेहमीपेक्षा जास्त वेळ दिला, असं मास्तरांना नंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं. मग ती कोपऱ्यावरून वळली, आणि तिथं फक्त पाचोळा राहिला.

डॉक्टरणींनी घरी न्यायला माठ घेतले, रतनबाईच्या भावानं. मास्तरांनी एक पणती घेऊन भवानी केली. सोमवारी त्यांचा कार्डिओग्राम निघाला आणि त्यात काहीतरी सापडलं; वेळेवर आलात, असं तिथले डॉक्टर म्हणाले. राजनंदिनी येऊन चार दिवस राहिली. फरशीवरचं सामान तिनं काही न विचारता माळ्यावर चढवलं, लग्नाच्या भांड्यांशेजारी. पेज काढू नकोस, असं मास्तरांनीच तिला सांगितलं. आता दर रविवारी ते भल्या सकाळी एकटे बाजारात जाऊन प्रत्येक दुकानात भवानी करून येतात, आणि दुपारी सगळ्यांच्या आधी रतनबाईच्या पोत्यापाशी उभे असतात. घरात पणत्या ठेवायला जागा उरलेली नाही. मडकं अजून घेतलेलं नाही.

त्या दिवशी हाक मारली नाही. ती तेवढी राहिली आहे.